शत्रू नव्हे, परका: ‘हॉस्टिस’चा प्रवास

लॅटिन कोशात ‘हॉस्टिस’चा पहिला अर्थ सापडतो तो शत्रू. तो मनात धरून रोमचा ‘बारा फलकांचा कायदा’ (इ.स.पू. 450च्या सुमाराचा) वाचायला घेतला की लगेच अडायला होतं. सुनावणी पुढे ढकलायला तिथे दोन कारणं चालतात: गंभीर आजार, किंवा हॉस्टिसबरोबर आधीच ठरलेली तारीख. शत्रूशी कोणी कोर्टाची तारीख ठरवतं का? इथला हॉस्टिस म्हणजे परका, पण ज्याच्याशी व्यवहार आणि दावा दोन्ही करता येतात असा. पूर्वज ज्याला हॉस्टिस म्हणत त्याला आपण पेरेग्रीनुस (परका) म्हणतो, असं रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये लिहून ठेवलं आहे.

भाषाशास्त्रही हेच सांगतं. लॅटिन, इंग्रजी आणि संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेतलं मूळ रूप ‘घोस्तिस’ असं मांडलं जातं. शब्दारंभीच्या ‘घ’चा लॅटिनमध्ये ‘ह’ झाला, जर्मानिक भाषांत ‘ग’. म्हणून इंग्रजीतला ‘गेस्ट’ हा हॉस्टिसचा सख्खा भाऊ. याच मुळाला आपल्या ‘पति’चा नातलग जोडून ‘हॉस्पेस’ बनला. त्याचा अर्थ यजमानही आणि पाहुणाही! हॉस्पिटल आणि हॉटेल त्याच घरातले.

हॉस्टिस शत्रूकडे झुकल्यावर रिकामी जागा पेरेग्रीनुसने घेतली. ‘पेर’ आणि ‘आगेर’ (शेतजमीन; संस्कृत ‘अज्र’) यांतून आलेला, म्हणजे शिवाराबाहेरचा. हा मात्र पक्का कायद्याचा शब्द. परक्यांच्या खटल्यांसाठी इ.स.पू. 242च्या सुमारास वेगळा प्रेटर (न्यायदान पाहणारा अधिकारी) नेमला गेला. पेरेग्रीनुसला रोमन पद्धतीचं मृत्युपत्र करता येत नसे. चोरीचा रोमन कायदा तर फक्त नागरिकांना लागू. मग परक्याने चोरी केली तर? दाव्याच्या मसुद्यातच ‘तो रोमन नागरिक असता तर’ असं गृहीत धरून खटला चालवत. गायुस या कायदेपंडिताने दुसऱ्या शतकात ही युक्ती नोंदवली आहे. कायदा न बदलता वाट काढण्याचा इतका सरळ नमुना क्वचितच दिसतो.

परक्यासाठीचा तिसरा शब्द ‘बार्बारुस’ (ग्रीक नसलेला, रानटी) ग्रीकांकडून उसना घेतलेला. ग्रीकांच्या लेखी रोमनही त्यातच, म्हणून नाटककार प्लाउतुस ग्रीक नाटक लॅटिनमध्ये आणताना ‘बर्बर भाषेत’ केलं असं थट्टेने म्हणतो.

इ.स. 212 मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या मुक्त रहिवाशांना नागरिकत्व दिलं आणि पेरेग्रीनुसचं कायद्यातलं काम बहुतेक संपलं. पुढे ख्रिस्ती लोकांनी तो यात्रेकरूसाठी वापरला. इंग्रजी ‘पिलग्रिम’ त्यातूनच आला.