कर्करुग्णांमधील नैराश्य

कर्करोगाचे निदान झाल्यावर किंवा उपचार चालू असताना जडणारा, पण कर्करोगाहून वेगळा आणि वेगळ्या उपचारांनी बरा होऊ शकणारा मनाचा आजार. निदान ऐकून झोप उडणे, रडू येणे, अन्नावरची वासना जाणे हे कुणालाही होते आणि बहुतेकांचे मन हळूहळू सावरते. उदासपणा किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले आणि त्याच्या जोडीला अपराधी वाटणे, मरणाचे विचार येणे अशी लक्षणे दिसली, तर ते नैराश्य मानतात. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून 2011 मध्ये मांडलेल्या हिशेबात रुग्णालयांतील साधारण दर सहा कर्करुग्णांमागे एकाला ते आढळले.

ते ओळखू येत नाही, ही खरी अडचण. थकवा, भूक मरणे, वजन घटणे, झोप न लागणे ही नैराश्याची लक्षणे केमोनेही येतात. म्हणून झिग्मंड आणि स्नेथ या मानसोपचारतज्ज्ञांनी 1983 मध्ये रुग्णालयांसाठी केलेल्या प्रश्नावलीत शरीराची लक्षणे मुद्दाम वगळली. भूक नाही यापेक्षा नातवंड मांडीवर येऊन बसले तरी बरे वाटत नाही, ही खूण अधिक बोलकी. काही वेळा कारण शरीरातच असते : न शमलेली वेदना, स्टिरॉइड औषधे, मानेला रेडिएशन दिल्यावर मंदावलेली थायरॉइड ग्रंथी.

जगण्याची गुणवत्ता मोजायला 1993 पासून युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेची 30 प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. पण तिच्या आकड्यांमागे काय असते, ते तोंडाच्या कर्करोगात स्पष्ट दिसते. जबड्याचा तुकडा काढलेला, तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. भाकरी दुधात कुस्करून खावी लागते, तीही ओघळते. असा माणूस लग्नाच्या पंगतीला जाणे सोडतो, फोन आला की बायकोच्या हाती देतो. तंबाखू, मिश्रीची सवय असली तर ‘माझ्याच हाताने झाले’ हे मनात घर करते. गाठ गेली, रिपोर्ट चांगला आला, तरी तो घराबाहेर पडत नाही.

‘त्यांना सांगू नका’ असे नातेवाईक डॉक्टरांना विनवतात. त्यामागे माया असते, पण परळच्या टाटा रुग्णालयात आणल्यावर रुग्णाला बहुधा कळलेलेच असते. मग दोघेही एकमेकांपासून लपवत राहतात आणि रुग्ण एकटा पडतो. उपचारासाठी महिनोन्‌महिने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणाऱ्यांना किमान शेजारच्या बिछान्यावर तेच भोगणारे माणूस भेटते. हा आधार लहान मानू नये.

‘कॅन्सर झालाय, उदास वाटणारच’ या समजुतीने उपचार राहून जातात. स्कॉटलंडमधील 2014 च्या पाहणीत नैराश्य असलेल्या सुमारे तीन चतुर्थांश कर्करुग्णांना त्यावर पुरेसे उपचार मिळत नव्हते. त्याच वर्षीच्या तेथील दुसऱ्या अभ्यासात 500 रुग्ण होते. खास शिकवलेल्या परिचारिका आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून हाताळलेल्या गटात 62 टक्क्यांचे नैराश्य निम्म्याने किंवा अधिक उतरले. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण 17 टक्के होते. समुपदेशन आणि औषधे दोन्ही उपयोगी पडतात. औषधांचा गुण यायला काही आठवडे जातात. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असल्यास पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन ही नैराश्यावरची औषधे टाळतात, कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना कर्करोगाची फाइल सोबत न्यावी. केंद्र सरकारच्या टेली-मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.