जुनी लाकडी डिंगी घरी दुरुस्त करताय? आधी हे वाचा, मग दुकानात या

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आमच्याकडे दरवर्षी दोन-चार जण येतातच. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये फोटो, फोटोत शिडाची एक लाकडी डिंगी, कुणाच्या तरी बंगल्यामागे नाहीतर क्लबच्या कोपऱ्यात पडलेली, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "कलर कुठला मारू?" कलर आम्ही विकतो, पण खरं सांगायचं तर कलर हे अगदी शेवटचं काम आहे आणि पहिला महिनाभर पॉलिश पेपर सोडला तर आमच्याकडून काही घेऊच नका. धंद्याचं नुकसान आहे, पण अर्धवट सोडलेली नाव परत भंगारात गेलेली बघणं त्याहून वाईट.

खाली सगळं एंटरप्राइज डिंगी धरून लिहिलंय, कारण आमच्याकडे जास्त तीच येते. निळी शिडं असतात ती. १९५६ साली जॅक होल्ट नावाच्या इंग्लिश डिझायनरने 'न्यूज क्रॉनिकल' पेपरसाठी काढलेली नाव, त्याच वर्षी जानेवारीत दोन एंटरप्राइज रात्रीच्या अंधारात इंग्लिश खाडी पार करून गेल्या, जाहिरात म्हणून. लांबी १३ फूट ३ इंच, दोन माणसांची. आपल्या कामाची गोष्ट अशी की ती घरी बांधता यावी म्हणूनच प्लायवूडची केली होती, त्यामुळे करवत आणि रंधा धरता येणाऱ्याला ती घरी दुरुस्त करणंही जमतं. फक्त लिफ्टमध्ये मावत नाही, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींशी पार्किंगचं आधी बोलून घ्या.

नाव समुद्रात कुजत नाही, पार्किंगमध्ये कुजते

हे वाक्य आम्ही सगळ्यांना ऐकवतो. लाकूड कुजवते ती बुरशी, तिला खारं पाणी मानवत नाही, गोडं पाणी मानवतं. म्हणजे पाऊस. वर निळी ताडपत्री गच्च बांधून चार पावसाळे ठेवलेली नाव बाहेरून चकचकीत दिसते आणि आतून भिजलेल्या बिस्किटासारखी झालेली असते, कारण आत गेलेला ओलावा बाहेर यायला वाटच नाही. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ही कुज धरत नाही, आणि आपल्याकडे जुलैत तो खाली राहणं अवघड.

तेव्हा पहिलं काम टोचणं. बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दाबत जा, चांगलं लाकूड दाद देत नाही, कुजलेल्यात टोक बसतं. हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज पण ऐका, टण्ण आला तर ठीक, भद्द आला तर तिथे खडूने गोल करा. कुठे बघायचं? मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम, तिची खालची कड. सेंटरबोर्डची, म्हणजे तळातून पाण्यात सोडायच्या उभ्या फळीची, पेटी तळाला मिळते तो सांधा. डोलकाठीचा बुड बसतो ती जागा. नाळेचा, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाचा, आतला कोपरा, जिथे हात पोचत नाही आणि म्हणून वीस वर्षांत कुणी बघितलेलं नसतं. एंटरप्राइजच्या बाजूंना लांबीभर दोन-दोन कंगोरे असतात, तिथे प्लायची कापलेली कड असते आणि प्लाय पाणी पितं ते कडेनेच, त्यामुळे त्या कंगोऱ्यांवरून बोटाबोटाने जा. कलरला फुगे आलेत किंवा बारीक समांतर चिरा पडल्यात तर खालचं प्लाय सुटलंय असं धरून चाला.

खडूचे गोल मोजा. पाच-सहा झाले तर एका सीझनचं काम. अख्खा तळ पांढरा झाला तर आम्हाला फोटो दाखवा, आम्ही सरळ सांगू की सोडून द्या.

वाळवणं

कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. हवेच्या टाक्यांची (नाव उलटली तरी तरंगावी म्हणून आत असतात त्या बंद कप्प्यांची) झाकणं उघडा, खराब भागावरचा कलर खरवडून काढा, नाव सावलीत वाऱ्यावर ठेवा. उन्हात नको, प्लाय तडकतं. जुन्या कलरमध्ये शिसं असू शकतं, तेव्हा मास्क लावा, पाणी लावून घासा, ब्लो टॉर्चने जाळू नका आणि मुलांना लांब ठेवा. वाळलं की नाही कसं कळणार, तर उघड्या लाकडावर वीतभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा, सकाळी आतून घाम आला असेल तर अजून थांबा. ऑक्टोबर ते मे हाच आपला सीझन, कोकणात तर नक्कीच. पावसाळ्यात इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून लावायचं, चिकटवायला आणि कोटिंगला) मारलं की वर मेणचट थर येतो आणि पुढचा कोट त्यावर धरत नाही. आलाच तर साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुवा, मग घासा. उलट केलं तर तोच मेणचटपणा पेपरने आत दाबला जातो.

अजून एक. गावाकडचे नावाडी लाकडाला माशाचं नाहीतर उंडीचं तेल लावतात, त्यांच्या जाड फळ्यांच्या होड्यांना ते बरोबरच आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण प्लायच्या डिंगीला प्रेमाने तेल लावलंत तर पुढे इपॉक्सी तिला चिकटणार नाही.

प्लाय

'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका, शिक्का बघा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, आयएस ३०३ म्हणजे फर्निचरचं, भले दुकानदार काही म्हणो. शंका असेल तर बोटभर तुकडा कुकरमध्ये नाही, साध्या पातेल्यात दोन-तीन तास उकळा, पापुद्रे सुटले तर तो माल नावेला चालणार नाही. कापलेली कडही बघा, आत पोकळ्या दिसल्या तर नको. जाडी जुन्या तुकड्यावर मोजून आणा, अंदाजाने '६ एमएम' म्हणू नका, मागितलेली जाडी आणि मिळालेली जाडी यात नेहमी फरक असतो.

कुजलेला भाग खडूच्या रेषेवर कापू नका, चांगलं लाकूड लागल्यावर अजून दोन इंच पुढे जाऊन कापा. नवा तुकडा कडेला कड लावून बसत नाही, तिरका रंधून जोडायचा, जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिलिमीटर प्लायला ४८ मिलिमीटरचा उतार. पहिला जोड बिघडणारच, तो टाकाऊ तुकड्यावर बिघडवा. आणि खड्ड्यात एम-सीलचे गोळे भरून वरून कलर, हे कृपा करून नको, आजूबाजूचं ओलं लाकूड तसंच राहतं आणि कुज पुढे सरकत जाते.

इपॉक्सी, इथे जास्त गोंधळ होतो

फायबरचं काम केलेले लोक इथे हमखास फसतात. त्या रेझिनमध्ये हार्डनर थोडा जास्त टाकला की लवकर सेट होतं. इपॉक्सीत तसं नाही, डब्यावर दिलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण, जास्त टाकलं तर नाव कायमची चिकट राहील आणि मग ते खरवडायला आम्हीच ब्लेड विकणार. वजनाचं प्रमाण आणि मापाचं प्रमाण वेगळं असतं, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या (घरच्यांना विचारून).

थोडं थोडं कालवा. आमच्या पोराने एकदा मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर अर्धा लिटर एका मगात कालवलं, पाच मिनिटांत मग वितळला आणि धूर निघाला. कालवल्यावर पसरट ट्रेमध्ये ओता, गरम कमी होतं. आणि कोटिंग संध्याकाळी करा, लाकूड थंड होत असताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढलं जातं, सकाळी चढत्या उन्हात केलं तर तीच हवा फुगून बुडबुडे येतात. ही एक युक्ती लक्षात ठेवली तरी पत्रकाचा कागद वसूल. साग जोडत असाल तर त्याचं तेल अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा, उद्या नाही.

अख्ख्या नावेला फायबर चढवून देता का, असं विचारतात. देत नाही. ओल्या लाकडावर फायबर म्हणजे परत ती ताडपत्रीच, आणि नाव जड होते ती वेगळी. सांध्यांवर पट्टी पुरते.

स्क्रू, व्हार्निश, हवा

पितळी स्क्रू काढल्यावर गुलाबीसर दिसला तर त्यातलं जस्त गेलं, तो हाताने मोडेल, बदलाच. लोखंडी तर एकही ठेवू नका. बदली ३१६ स्टेनलेस घ्या आणि प्रत्येक भोकात आधी इपॉक्सी सोडा.

इपॉक्सी उन्हाने खराब होतं, म्हणून त्यावर कलर किंवा यूव्हीवालं व्हार्निश पाहिजेच. व्हार्निशचा पहिला हात पातळ, मग पाच-सहा. कलर तुमच्या आवडीचा, गडद सोडून, गडद रंग उन्हात फार तापतो.

हवेच्या टाक्यांना साबणाचं पाणी लावून तोंडाने फुंकून बघा, कॉम्प्रेसरने अजिबात नाही, सांधे उघडतील. टाक्यांऐवजी हवेच्या पिशव्या असतील तर फुगवून रात्रभर ठेवा. गळती बघायला आत दोन-तीनच बादल्या पाणी ओता आणि खालून थेंब शोधा. नाव काठोकाठ भरू नका, पाणी बाहेरून उचलतं, आतून फाडतं.

ठेवताना उलटी, विटांवर उचलून, झाकणं उघडी, ताडपत्री सैल आणि मध्ये हवा.

दुकानात येताना जुन्या प्लायचा एक तुकडा, एक जुना स्क्रू आणि खडूच्या गोलांचे फोटो आणा, सामानाची यादी आम्ही बसून करून देऊ. सोमवारी बंद असतो.