डॉल्फिनच्या नावातला गर्भ

स्पॅनिशमध्ये 'देल्फीन', इटालियनमध्ये 'देल्फीनो', डचमध्ये 'डोल्फेन', रशियनमध्ये 'देल्फिन': युरोपातील ही बहुतेक नावे अखेर प्राचीन ग्रीक 'देल्फिस' या शब्दापाशी पोहोचतात. त्या शब्दाचा संबंध 'देल्फ्युस' म्हणजे गर्भाशय याच्याशी लावला जातो. भावासाठी असलेला ग्रीक शब्द 'आदेल्फोस' याचाही मूळ अर्थ एकाच गर्भातला असा, म्हणजे नेमका आपला 'सहोदर'. एवढेच नव्हे, तर संस्कृत 'गर्भ' हादेखील याच मुळाचा असल्याचे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्यामुळे हे नाव मराठी वाचकाला वाटते तितके परके नाही.

माशासारखा दिसणारा हा प्राणी पिल्लांना जन्म देतो, म्हणून हे नाव पडले असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. डॉल्फिन हवेत श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो, हे अॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात नोंदवले होते. तरीही सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने देवमासे व डॉल्फिन यांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवायला 1758 साल उजाडले. नाव शहाणे होते, वर्गीकरण मागे राहिले.

पोर्तुगीजांनी मात्र त्याला 'गोल्फिन्यो' केले. त्यात आखात या अर्थाच्या 'गोल्फो'ची छाया पडली, असे मानतात. फ्रेंच 'दोफॅं'ची कथा तर राजदरबारात शिरते. एका सरंजामी घराण्याचे हे उपनाव पुढे पदवी बनले, त्यांच्या ढालीवर डॉल्फिन आला, आणि 1349 मध्ये त्यांचा प्रदेश फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेल्यावर फ्रेंच युवराजच 'दोफॅं' म्हणवला जाऊ लागला.

उत्तरेकडील कोळ्यांच्या नजरेला गर्भ नव्हे, तर चरबी दिसली असावी. डॉल्फिनचा लहानखुरा नातलग पॉर्पॉइज, ज्याचे दात शंकूसारखे नसून चपटे असतात, त्याचे इंग्रजी नाव लॅटिनमधील 'डुक्कर' आणि 'मासा' या दोन शब्दांच्या जोडीतून आले. स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क भाषेत खुद्द डॉल्फिनलाच 'इसुर्दे' म्हणतात, त्याचाही उलगडा समुद्री डुक्कर असाच केला जातो. डॅनिशमध्ये 'मार्सविन' म्हणजे पॉर्पॉइज आणि पिंजऱ्यात पाळायचा गिनीपिगही. दोघांपैकी कोण, हे संदर्भावरूनच ओळखावे लागते.