वर्तुळ ध्रुवित मायक्रोस्ट्रिप अँटेना अॅरे

सबस्ट्रेटवर (विद्युतरोधक पट्टीवर) तांब्याचे पातळ चौकोनी किंवा गोल पॅच ठरावीक अंतरावर मांडून वर्तुळ ध्रुवित रेडिओ लहरी पाठवणारी वा टिपणारी रचना. अशा लहरीचे विद्युत क्षेत्र प्रत्येक आवर्तनात एक फेरा घेते. त्यामुळे अँटेना लहरीच्या दिशेभोवती कसाही फिरला तरी संकेत तुटत नाही, आणि आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) रेषीय ध्रुवित, म्हणजे एकाच रेषेत कंप पावणाऱ्या, लहरीच्या कंपनाची दिशा वळते तो त्रासही उरत नाही. जीपीएसचा 1575.42 मेगाहर्ट्झचा आणि भारताच्या ‘नाविक’ (NavIC) या उपग्रह दिशादर्शन प्रणालीचा 1176.45 मेगाहर्ट्झचा संकेत याच कारणाने उजव्या वर्तुळ ध्रुवणाचा असतो.

पॅचची कल्पना 1953 मधली, वापरण्याजोगे पॅच 1970 च्या दशकातले. वर्तुळ ध्रुवणासाठी पॅचमध्ये एकमेकांना काटकोनात असलेली, समान आयामाची आणि 90 अंश कलांतराची (एक दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागे असलेली) दोन कंपने लागतात. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे छाटले की एकाच फीडवर (पॅचला संकेत पुरवणाऱ्या जोडणीवर) हे साधते, पण जेमतेम एका वारंवारतेपाशी. पातळ सबस्ट्रेटवर हा वारंवारतांचा पट्टा एखाद्या टक्क्याचाच भरतो. सबस्ट्रेट जाड आणि कमी परावैद्युतांकाचा घेतला की पट्टा वाढतो. शेजारी परजीवी (स्वतःचा फीड नसलेला) पॅच ठेवण्याचा उपायही आहे. पुढे आयआयटी मुंबईत शिकवणारे गिरीश कुमार यांनी के. सी. गुप्ता यांच्यासह 1980 च्या दशकात त्यावर काम केले. मात्र अॅरेत शेजारी जागाच नसते, कारण ग्रेटिंग लोब (नको त्या दिशेला जाणारे, मुख्य झोताच्या तोडीचे झोत) टाळायला घटकांमधले अंतर तरंगलांबीपेक्षा कमी ठेवावे लागते. म्हणून इथे पॅचवर पॅच रचतात.

खरी कमाई मांडणीतून होते. 2×2 समूहात प्रत्येक पॅच आधीच्यापेक्षा 90 अंशांनी फिरवायचा आणि त्याच्या फीडलाही तेवढेच कलांतर द्यायचे. ही क्रमवार परिभ्रमणाची पद्धत 1980 च्या दशकाच्या मध्यास जपानमध्ये तेशिरोगी आणि सहकाऱ्यांनी, तर अमेरिकेत जॉन हुआंग यांनी मांडली. सगळ्या पॅचकडून येणाऱ्या, हव्या दिशेने फिरणाऱ्या लहरी समोर एकाच कलेत जुळतात. उलट फिरणाऱ्यांच्या कला 0, 180, 360, 540 अंश होतात आणि त्या एकमेकींना पुसतात. पॅचकडून परतणाऱ्या लहरींचे गणितही हेच, म्हणून फीडच्या तोंडाशी परावर्तन फार कमी दिसते.

इथेच फसगत होते. परतलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. ती फीडच्या जाळ्यातल्या विलग रोधकात जिरते किंवा इतर पॅचमधून नको त्या ध्रुवणात बाहेर पडते. त्यामुळे नुसत्या परावर्तनाच्या आलेखावरून जाहीर केलेली बँडविड्थ फारशी मोलाची नाही. लाभ (एका दिशेला शक्ती एकवटण्याचे माप) आणि अक्षीय गुणोत्तर (फिरणाऱ्या क्षेत्राच्या लंबवर्तुळाच्या लांब व आखूड अक्षांचे गुणोत्तर) यांचे पट्टेही पाहायला हवेत. गुणोत्तराची 3 डेसिबलची रूढ मर्यादाही उदारच आहे: तिथे उलटे ध्रुवण मुख्य ध्रुवणाच्या फक्त 15 डेसिबल खाली असते. शिवाय ही पुसापुशी समोरच्या दिशेला नेमकी होते. तिरक्या दिशांना, विशेषतः कर्णाच्या प्रतलात, उलटे ध्रुवण डोके वर काढते. घटक मुळात बऱ्यापैकी वर्तुळ ध्रुवित असला तर ते आवरते. रेषीय पॅच फिरवून काम भागवण्याची काटकसर महाग पडते ती यामुळे.

कलांतर साध्या रेषेच्या लांबीने दिले तर वारंवारता 10 टक्क्यांनी वाढताच 90 चे 99 आणि 270 चे 297 अंश होतात. रुंद पट्ट्यासाठी म्हणून हायब्रिड किंवा शिफमन कलांतरक (वारंवारता बदलली तरी कलांतर जवळपास टिकवणारी मंडले) वापरतात. घटक दुप्पट केले की लाभ 3 डेसिबलने वाढायला हवा, पण फीडरेषाही लांबतात. केयू पट्ट्यात (12 ते 18 गिगाहर्ट्झ) त्यांचा ऱ्हास एवढा वाढतो की मोठ्या अॅरेत छोटे उपसमूह तेवढे मायक्रोस्ट्रिपवर ठेवून त्यांची जोडणी वेव्हगाइडने (धातूच्या पोकळ नळीने) करतात.