पोटाचं ऐकणं वेगळं, मागणी पुरवणं वेगळं

"लेकराला जबरदस्तीनं भरवू नका" हा सल्ला आता बालरोगतज्ज्ञही देतात, अंगणवाडीताईही देतात, मोबाइलवर तर तो रोजच वाचायला मिळतो. सल्ला योग्यच आहे. पण घरात शिरताना त्याचा अर्थ बदलतो. जबरदस्ती नाही म्हणजे मागेल ते द्यायचं, असं समजून वरण-भाताची वाटी उचलली जाते आणि तिच्या जागी बिस्किटाचा पुडा येतो. दोन्ही प्रकारांत मोठ्यांनी लहानाचं ऐकलेलंच असतं, म्हणून फरक चटकन लक्षात येत नाही. एकात पोटाचं ऐकलं जातं, दुसऱ्यात फक्त मागणी पुरवली जाते, आणि त्यातून मुलाचा आहार अगदी वेगवेगळ्या वाटेनं जातो.

दीड वर्षाचं मूल घेऊ. दुपारची वेळ, वाटीत तूप घातलेला मऊ वरण-भात. चार घास खाल्ले आणि पाचव्याला त्यानं तोंड फिरवलं. एका घरात आई थोडं थांबते, "झालं का?" विचारते, आणखी एकदा चमचा पुढे करते. पुन्हा तोंड फिरवलं तर हात-तोंड पुसून त्याला खेळायला सोडते. पुढचं खाणं चारच्या सुमारास असतं आणि ते काय असेल हेही घरात ठरलेलं असतं. दुसऱ्या घरातही तेच चार घास, तसंच फिरवलेलं तोंड. पण "पोट्टं काही खाऊनच नाही राहिलं" या काळजीनं दहा मिनिटांत त्याच्या हातात बिस्किट किंवा दुधाची बाटली येते. इथेही कोणी सक्ती केलेली नाही, सगळं मायेपोटीच झालं आहे. फक्त मुलाला एक गोष्ट पक्की समजली: भात नाकारला की गोड मिळतं. त्याच्या वयाच्या मानानं हे अगदी बरोबर शिकणं आहे, त्यात त्याचा हट्टीपणा शोधू नये.

हा गोंधळ सुरू कुठे होतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिले सहा महिने बाळाची मागणी आणि बाळाची भूक बहुतेक एकच असते. रडलं, तोंडानं शोधू लागलं की पाजायचं, हेच आईला शिकवलेलं असतं आणि ते योग्यही असतं. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू होतं आणि हळूहळू या दोन गोष्टी वेगळ्या होतात. आता मुलाला पुड्याचा रंग ओळखू येतो, डब्याचं झाकण ओळखू येतं, गल्लीतल्या दुकानात लटकणाऱ्या पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा दिसतात. बोट दाखवणं म्हणजे भूक नव्हे. पण आईनं सहा महिने मागणी हीच भूक मानलेली असते, आणि नियम बदलला हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

पोट स्वतः काय सांगतं? भुकेलं मूल चमच्याकडे झुकतं, तोंड उघडतं, वाटीला हात घालतं. पोट भरत आलं की त्याचा वेग मंदावतो, ओठ मिटतात, चमचा ढकलला जातो, भात जमिनीवर पसरवण्यात जास्त रस येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली वरच्या आहाराची जी तत्त्वं मांडली, त्यांत हेच आहे: सावकाश आणि धीरानं भरवा, प्रोत्साहन द्या पण सक्ती नको, जेवताना मुलाचं लक्ष दुसरीकडे वेधू नका, त्याच्या डोळ्यांत बघून बोला. मोबाइल लावून भरवताना नेमका हाच संवाद तुटतो. तोंड आपोआप उघडतं, आणि पोटाचं कोणीच ऐकत नाही, मूलसुद्धा नाही.

या पोटावर विश्वास ठेवावा का? १९९१ साली अमेरिकेतल्या संशोधक लीअॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचं दिवसभराचं खाणं मोजलं. एकेका जेवणात मुलं कधी खूप खात, कधी जवळपास काहीच नाही. पण पूर्ण दिवसाची ऊर्जा धरली तर ती फारशी बदलत नव्हती. सकाळी कमी खाल्लेलं मूल पुढे भरून काढत होतं. यातली एक बाजू मात्र सहसा सांगायची राहून जाते: ताटात काय असेल ते मोठ्यांनी ठरवलं होतं, मुलांवर सोपवलं होतं ते फक्त किती खायचं. शेजारी बिस्किटांचा डबा उघडा असता, तर तोच विश्वास ठेवता आला नसता.

शिवाय वर्षानंतर भूक खरोखरच कमी होते. जन्मतः तीन किलोचं बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत नऊ किलोच्या आसपास पोचतं, पण दुसऱ्या वर्षी त्यात साधारण दोन-अडीच किलोचीच भर पडते. वाढ मंदावली की खाणंही मंदावणार. त्यात नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसवर. अशा दुपारी मोठ्यांचीही भूक मरते, मग लेकरानं दोनच घास खाल्ले तर त्यात नवल काय?

याच वयात नवीन पदार्थाची भीतीही येते. एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल ती स्वीकारतं. आपण तिसऱ्या वेळेलाच "याला पालक आवडत नाही" असं ठरवून टाकतो आणि पालक त्याच्या ताटातून कायमचा जातो. हेसुद्धा मागणी पुरवणंच, फक्त उलट बाजूनं.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे दूध. जेवण नाकारलं तरी "निदान दूध तरी प्यायला" हे समाधान घरातल्या सगळ्यांना हवं असतं. पण दुधानं पोट भरलं की पुढच्या जेवणाला भूक लागत नाही, मग जेवण पुन्हा नाकारलं जातं आणि पुन्हा दूध येतं. गाई-म्हशीच्या दुधात लोह फारच थोडं असतं. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण दूध-बिस्किटावर चाललेला आहार त्यात भरच घालतो.

सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाला आठ अन्नगटांपैकी रोज किमान पाच मिळावेत, असा निकष आहे. दूध-बिस्किटात दोनच गट येतात. वरण, भात, पालकाची भाजी, दही आणि संत्र्याच्या फोडी असं ताट असेल तर पाच गट पूर्ण होतात. आईचं दूध चालू असेल तर सहा. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्यात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गाड्यांवर ढिगानं असतात. जेवणासोबत बिया काढलेल्या, बारीक केलेल्या फोडी दिल्या तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळ-पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. रस काढून बाटलीत भरू नये, फळच द्यावं.

सक्ती आणि मागणी पुरवणं ही एकमेकांच्या विरुद्ध टोकं वाटतात, पण एकाच घरात, एकाच जेवणात ती जोडीनं नांदतात. "दोन घास भाजी खा, मग चॉकलेट" या वाक्यात दोन्ही आहेत. बर्च यांच्याच १९८४ सालच्या प्रयोगात, एक पेय पिण्याबद्दल बक्षीस मिळालेल्या मुलांना ते पेय नंतर कमी आवडू लागलं. भाजी हे काम ठरतं आणि चॉकलेट त्याची मजुरी. खाऊ फ्रिजवर दिसेल असा ठेवून रोज "नाही" म्हणणंही उपयोगाचं नाही. दिसणारी पण न मिळणारी वस्तू मुलांना जास्तच हवीशी होते. ती घरात आणूच नये, म्हणजे भांडणाचा विषयच उरत नाही.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी मला आपल्या घरांसाठीही सर्वांत कामाची वाटते. काय, कधी आणि कुठे खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलानं. रविवारी तर्री-पोहे असतील तर तर्री घालण्याआधीचे मऊ पोहे लेकराला. गोळाभात असेल तर गोळ्यात तिखट घालण्याआधी थोडं पीठ बाजूला काढून त्याचे मऊ गोळे करायचे. वेगळा स्वयंपाक नाही आणि ऐनवेळी बदली पदार्थही नाही. सगळ्यांनी एकत्र बसून तेच खायचं, कारण बाबांच्या ताटात कधीच न दिसणारी भेंडी मुलाच्या पोटात जाणं अवघड आहे.

आजीची काळजी मात्र खरी असते, ती उडवून लावू नये. आपल्याकडे आग्रह म्हणजेच माया. "आई, त्याचं पोट भरलं दिसतं, चार वाजता तुम्हीच द्या त्याला उपमा" असं म्हटलं तर भरवण्याचा मान तिच्याकडेच राहतो आणि मधलं बिस्किटही टळतं. नातवासमोर बसून तिनं स्वतः चवीनं भाजी खाल्ली, तर जो परिणाम होतो, तेवढा दहा वेळा सांगूनही होत नाही.

आता एक महत्त्वाचा अपवाद. पोटाचं ऐकणं निरोगी, वाढत्या मुलासाठी आहे. वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ सपाट झाली असेल किंवा खाली येत असेल, मूल सतत मलूल असेल, गिळताना त्रास होत असेल, तर भुकेवर सोडून वाट पाहत बसू नये. सहा महिने ते पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण मानतात. अंगणवाडीत पट्टीनं हा घेर मोजून मिळतो, आणि तो कमी असेल तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात त्याच आठवड्यात दाखवावं. ताप-जुलाबात मूल कमी खातं, तेव्हा थोडं थोडं, वरचेवर द्यावं, आईचं दूध चालू ठेवावं, आणि बरं झाल्यावर काही दिवस रोजच्यापेक्षा एखादं जेवण जास्त द्यावं.