पंपाला कळशीभर पाणी, संगणकाला पेन ड्राइव्ह

ज्यांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत विहिरीवर पंप आहे, त्यांना हे सांगायला नको. पंपाने हवा धरली की मोटर नुसतीच फिरते. विहीर तुडुंब असली तरी पाइपातून थेंब येत नाही. मग पंपात कळशीभर पाणी ओतावं लागतं. पाणी खेचायलाही आधी पाणी हवं, म्हणून पंपाशेजारी एक बादली नेहमी भरलेली असते.

संगणकाची डिस्क बदलताना हाच पेच पडतो. गेल्या जूनमध्ये गुहागरला मावसभावाच्या संगणकातली हार्ड डिस्क टकटक वाजू लागली. त्याने नवी आणली, जुनी काढून ती बसवली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: बूट करण्याजोगं, म्हणजे संगणक सुरू करून देईल असं, काही सापडत नाही. बाहेर धो धो पाऊस, लाईटचा खेळ चाललेला, मोबाइलला जेमतेम रेंज. नवी डिस्क धडधाकट होती, फक्त कोरी होती.

बटण दाबलं की प्रोसेसर पहिल्या सूचना मदरबोर्डवरच्या एका चिमुकल्या चिपमधून वाचतो. त्या चिपमधला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. तो मेमरी वगैरे तपासतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोजसारखी संगणक चालवणारी मूळ प्रणाली, शोधायला निघतो. जुन्या यंत्रांतलं फर्मवेअर म्हणजे बायोस. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा, म्हणजे सेक्टर, उचलतो आणि त्याच्या शेवटी ५५ आणि एए ही हेक्साडेसिमल (सोळा चिन्हांच्या) अंकपद्धतीतली खूण आहे का, एवढंच बघतो. आताच्या यंत्रांतलं फर्मवेअर, यूईएफआय, फॅट-३२ पद्धतीने आखलेला विभाग शोधतं आणि त्यात ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल. कोऱ्या डिस्कवर यातलं काहीच नसतं. म्हणून ते सगळं बाहेरून, पेन ड्राइव्हवरून, द्यावं लागतं.

इथेच बहुतेक जण फसतात. उतरवून घेतलेली विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायचं सगळं सामान एकाच फाइलीत बांधलेलं) पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर ती फर्मवेअरच्या दृष्टीने बंद पेटी असते. पेटी उघडायचं काम त्याला येत नाही. रुफससारखा प्रोग्राम ती पेटी उघडून आतलं सामान जागच्या जागी मांडतो; मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल तर सामान स्वतःच उतरवून घेऊन मांडतं. विंडोजसाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यावर आधीचं जे असेल ते सगळं पुसलं जातं. आणखी एक गुंता आहे. फॅट-३२मध्ये फाइलची लांबी ३२ बिटांच्या आकड्यात लिहितात, त्यामुळे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा पडते. विंडोजची मुख्य फाइल बरेचदा त्याहून मोठी भरते. मग तिचे तुकडे तरी करतात, नाहीतर विभागाची आखणी तरी बदलतात.

पावसाळ्यात तुटत-तुटत उतरलेली फाइल तर तपासल्याशिवाय वापरूच नये. फाइलच्या प्रत्येक बिटावरून एसएचए-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा ठसा काढता येतो. एक बिट जरी फिरला तरी सगळा ठसा पालटतो. कंपनीने दिलेल्या ठशाशी तो जुळला, तरच पुढे जावं.

शेवटी शेजारच्या आळीतल्या लॅपटॉपवर आम्ही पेन ड्राइव्ह तयार केला. पहिल्या खेपेला ठसा जुळला नाही, दुसऱ्या खेपेला जुळला. जुनी डिस्क परत संगणकात लावून तिच्यावरच हे काम उरकायचा मोह झाला होता, पण टकटकणाऱ्या डिस्कचा एकेक तास मोलाचा असतो. ती यूएसबीच्या डबीत घालून आधी फोटो उतरवून घेतले. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो मिळाले. गणपतीच्या दोन वर्षांचे मात्र गेले.