जत्रेच्या इनामावर उभी राहिलेली कारकीर्द : खानदेशी पैलवानाची पार्श्वभूमी

खानदेशाला शाहू महाराज लाभले नाहीत. इथल्या पैलवानाची कारकीर्द कशी घडते आणि इतक्या लवकर का संपते, याचं उत्तर शोधायला तिथूनच सुरुवात करावी लागते. कोल्हापूरच्या दरबाराने मल्ल पोसले, तालमी बांधल्या, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. खानदेश मात्र १८१८ पासून थेट इंग्रजी अमलाखाली होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पण पैलवानाला वर्षभर खुराक देईल असा मोठा दरबार दोन्हीकडे नव्हता. इथला पैलवान गावाच्या वर्गणीवर, घरच्या दुभत्यावर आणि जत्रेच्या इनामावर वाढला.

त्यामुळे कमाईचा हंगाम ठरलेला. कापूस वेचून पैसा हातात येऊ लागला की यात्रा सुरू होतात. मार्गशीर्षात सारंगखेड्याचे एकमुखी दत्त, माघी पौर्णिमेला शिरपूरचे खंडेराव महाराज, महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताई, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवी, मग आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि वैशाखातच अमळनेरला सखाराम महाराजांचा उत्सव. या काळात गावोगाव कुस्त्यांच्या आम दंगली, म्हणजे सगळ्यांना खुली मैदानं, होतात. पाऊस लागला की आखाडे बंद होतात आणि फक्त तालमीतली मेहनत उरते. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने कमाईचे आणि खर्च मात्र बाराही महिन्यांचा. पौषात खांदा निखळला तर त्या वर्षाचा हंगाम गेलाच. म्हणून दुखतं अंग घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा लांग बांधायची सवय लागली. अनेक चांगल्या पैलवानांची वर्षं याच सवयीने कमी केली.

आम दंगलीची रीत साधी आहे. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, त्या नारळ आणि रेवड्यांवर. मग भांड्यांच्या : बादली, कळशी, हंडा. त्यानंतर रोख इनामाच्या, आणि दिवस मावळताना सगळ्यात मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. मोठ्या जोडी आधी ठरलेल्या असतात. बाकीच्यांत पैलवान अंगावर माती घेऊन कडेने फेरी मारतो, पंच इनाम पुकारतात, ज्याला लढायचं असेल तो पुढे येऊन हात मिळवतो. मालेगाव, बुऱ्हाणपूर, इंदूरकडचे मल्लही या फेरीत असतात, त्यामुळे समोर कोण येईल याचा भरवसा नसतो.

गडबड होते ती जोड लावताना. वजनकाटा नसतो, अंदाज डोळ्यांचा. उभं राहिल्यावर सारखे दिसणारे दोघे प्रत्यक्षात दहा-बारा किलोंनी वेगळे निघतात. हलक्या पोराला वरच्या वजनाचा गडी मिळाला की तो पट काढायला, म्हणजे पाय धरून उचलायला, खाली शिरतो आणि मानेवर सगळा भार घेतो. दुसरी अडचण नुरा कुस्तीची. दोघांनी आधीच ठरवून झुंजायचं, बरोबरीत सोडवून घ्यायचं आणि इनाम वाटून घ्यायचं. म्हणून जाणत्या यात्रा समित्या ‘निकाली कुस्ती’ची अट घालतात, ठरावीक मिनिटांनंतर गुणांवर निकाल देतात आणि तरीही कुस्ती रेंगाळली तर इनाम कापतात. हा निवाडा करायला आखाड्याच्या मधोमध उभा असतो तो बहुतेक वेळा कुस्ती सोडलेला जुना पैलवान. खोटी पकड त्याच्या नजरेतून सुटत नाही.

आता मातीबद्दल. खानदेशातली जमीन बहुतांशी काळी, कापसाची. ती वाळली की दगडासारखी ढेकळं होतात, भिजली की अंगाला लेपासारखी चिकटते. कुस्तीला ती चालत नाही. हौदासाठी, म्हणजे तालमीतल्या कुस्तीच्या खड्ड्यासाठी, लाल माती बाहेरून आणावी लागते. त्यातल्या त्यात नदीकाठचा पोयटा बरा. माती चाळून खडे काढायचे, दीड-दोन फूट थर भरायचा, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर आणि कडुनिंबाचा पाला मिसळायचा. रोज पहाटे फावड्याने माती उकरायची आणि हलकं पाणी मारायचं. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला की फुटावा, ही परीक्षा. माती कोरडी राहिली तर कोपर आणि गुडघे सोलतात, जास्त ओली झाली तर पकड सुटते. चार दिवस उकरली नाही तर खाली थर बसतो, आणि धोबीपछाड खाल्लेला गडी मऊ मातीवर न पडता त्या थरावर पडतो. नदीपात्रात एका दिवसासाठी केलेल्या आखाड्यात वाळूच जास्त असते. तिथे कातडी जाते, आणि जखम झाकली नाही तर अंगाला अंग लागून नायटा तालीमभर पसरतो.

मेहनतीचं जुनं माप पाचशे जोर आणि हजार बैठका. पहाटे मेहनत, मग लढत. संध्याकाळी दोर चढणं, मुद्गल, मल्लखांब, मानेसाठी पूल, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान. त्यावर खुराक. जड गटातल्या पैलवानाला दिवसाला दोन-तीन लिटर दूध, वाटीभर तूप आणि थंडाई. थंडाईला पन्नास ते शंभर बदाम रात्री भिजत घालायचे, सकाळी साल काढून खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोड्यासह कुंडीत घोटायचे आणि फडक्यातून गाळायचे. शेंगदाणे, केळी, कळण्याची भाकरी घरची असते. बदाम, तूप आणि मटण विकत. एका पोराला पैलवान करायचं तर घरातली एक म्हैस त्याच्याच नावाची धरावी लागते. दोन भाऊ तालमीत गेले तर त्यातल्या एकाची कुस्ती बहुतेक खुराकाअभावी सुटते.

मग मॅट, म्हणजे कुस्तीची गादी, आली. मातीवरच्या मल्लाला ती किती परकी असते हे खाशाबा जाधवांच्या कारकिर्दीत दिसलं. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये, मॅटची सवय नसताना, ते सहावे आले; चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ब्राँझपदक मिळवलं. मातीत अनवाणी पाय रुततो, गडी दमवून, वेळ काढून चीतपट करता येतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंद. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय गेला तरी प्रतिस्पर्ध्याला गुण. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. अर्धा तास झुंजण्याचा दम कमावलेला पैलवान पहिल्या दोन मिनिटांतच गुण देऊन बसतो. दुखापतही बदलते. मातीत पाय मुरगळला की माती सरकते आणि जोर जिरतो. मॅटवर बूट घट्ट धरून ठेवतो आणि तोच पीळ गुडघ्यात जातो. आतले बंध किंवा कूर्चा फाटते.

१९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेने दोन्ही धरून ठेवलं आहे : माती विभागाचा आणि गादी विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर येतात. खानदेशासाठी या स्पर्धेतला मोठा काळ म्हणजे २०१४, २०१५ आणि २०१६. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरी यांनी सलग तीन वर्षं गदा जिंकली. त्याआधी असं सलग तीनदा नरसिंग यादव यांनी केलं होतं. तिसरी गदा पुण्याजवळ वारजे इथे, अभिजित कटके यांना हरवून. त्यानंतर चौधरी राज्य पोलिस सेवेत उपअधीक्षक झाले. याच दशकात खानदेशातल्या तालमींमध्ये मॅटची मागणी वाढली आणि पोरांना पुण्या-कोल्हापूरला पाठवणं गावांना खर्च न वाटता गुंतवणूक वाटू लागलं. पोलिसातली नोकरी हा जुनाच रस्ता आहे. खाशाबासुद्धा १९५५ साली फौजदार म्हणूनच पोलिसात लागले होते. मात्र खानदेशी पोराला तो डोळ्यांसमोर, आपल्या तालुक्यातल्या माणसाच्या रूपाने दिसला तो या तीन गदांमुळे.

कारकीर्द साधारण अठरा-वीसच्या वयापासून तीस-बत्तीसपर्यंत. ती संपते तेव्हा शरीर तीन हिशेब मागतं. पहिला मानेचा : पूल आणि वरून पडलेला भार यामुळे मणक्यांतल्या चकत्या झिजतात, चाळिशीत हाताला मुंग्या येतात. दुसरा कानाचा. लढतीत कान घासून कूर्चा आणि कातडी यांच्यामध्ये रक्त साठतं. ते पहिल्या काही दिवसांत डॉक्टरकडून काढून वर दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. राहू दिलं तर आत घट्ट होऊन बसतं. मोडका कान पैलवानकीची खूण म्हणून अभिमानाने ठेवतात, त्यात गैर काही नाही. पण पुन्हापुन्हा मार बसून कानाचं भोक बुजत आलं की ऐकू कमी येतं.

तिसरा हिशेब खुराकाचा, आणि तो सगळ्यात महाग. तालीम सुटल्यावर भूक तशीच राहते. वजन चढतं, मागोमाग रक्तदाब आणि साखर. जाणते वस्ताद हे एकदम तोडत नाहीत, उतरवत आणतात. पहिल्या महिन्यात थंडाई आणि वरचं तूप बंद. पुढच्या सहा महिन्यांत दूध अर्ध्या लिटरवर. मटण आठवड्यातून एकदा. मेहनत मात्र पूर्ण सोडायची नाही : पन्नासेक जोर, गुडघे दुखत असतील तर बैठकांऐवजी चार-पाच किलोमीटर चालणं, आणि वर्षातून दोनदा साखर-रक्तदाबाची तपासणी. शेतीत राबणारे पैलवान यातून बरे निघतात. बसून करायच्या कामाला लागलेल्यांचं वजन लवकर हाताबाहेर जातं.

उरतो पोटापाण्याचा प्रश्न. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची पडताळणी विभागाच्या क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. धुळे, जळगाव आणि नंदुरबारचा विभाग नाशिक. जत्रेतली ढाल, फेटा, हंडा यांना तिथे काही किंमत नाही. आठ-दहा वर्षं दंगली मारलेला, पंचक्रोशीत नाव असलेला गडी तिथे कोऱ्या कागदानिशी उभा राहतो. आता वस्ताद झालेले जुने पैलवान म्हणूनच पोरगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याला जत्रेआधी शालेय आणि जिल्हा स्पर्धेत उतरवतात, वजनाची नोंद ठेवतात आणि प्रत्येक प्रमाणपत्राच्या दोन प्रती काढून एक तालमीत ठेवून घेतात.